जास्तच सरळ लेबलं

ता. ३ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ. आशीर्वाद नेहमीएवढेच आहेत, पण आज त्यांच्या पाठोपाठ एक काम येतंय म्हणून पत्र. हे फोनवर बोलता येत नाही. आमच्या तीन खोल्यांत मी शिंकले तरी ह्यांना ऐकू जातं.

सरळ मुद्द्यावर येते. तुझे भाऊजी परत सिगारेट ओढायला लागलेत. पुरावा काही नाही, पण कुठंतरी पाणी मुरतंय. दुकानातून आले की चप्पल काढायच्या आधी हात धुतात. का, तर म्हणे बाइंडिंगच्या खळीने हात चिकट होतात. सत्तावीस वर्षं त्याच खळीच्या हातांनी माझ्या शिवायच्या कपड्यांना डाग पाडून बोलणी खाल्ली, तेव्हा नाही सुचलं धुवायला. खिशात पेपरमिंटच्या गोळ्या सापडतात. शर्टाचा वास घेतला तर नुसता साबणाचा येतो. अगं, दिवसभर राबलेल्या माणसाच्या शर्टाला इतका स्वच्छ वास येतो का कधी? विचारलं की कानावर हात.

छातीच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वी काय सांगितलं ते तुझ्यासमोरच सांगितलं. यापुढे एक जरी ओढली तरी माझ्या दारात येऊ नका म्हणाले होते. तेव्हा ते हॉस्पिटलचं बाकडं मी एकवीस दिवस झिजवलंय. पुन्हा नाही. ओढत असतील तर मी शिवणयंत्र उचलून तुझ्याकडे राहायला येणार, आणि हे रागाच्या भरात लिहीत नाहीये. चार महिने विचार करून लिहितेय. पण नुसत्या संशयावरून संसार मोडला असं नको. पक्कं कळायला हवं.

तू मागे म्हणाली होतीस की धूर घेणाऱ्याच्या शरीरात आत काय खराबी होते ते तुम्ही प्रयोगशाळेत लघवीवरून मोजता. ह्यांची मोज. एवढं बहिणीसाठी कर.

मी बरी आहे. काळजीने जरा वाळलेय, माझेच कपडे मला दोनदा आत घ्यावे लागले. डोळेही दमतात, सुईत दोरा ओवायला तीनदा थुंकी लावावी लागते. वय झालं, दुसरं काय.

माया आहेच, आता उत्तरही असू दे.

तुझी ताई


ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. पत्र वाचलं आणि आधी हसले, मग हसू आवरलं. नवऱ्याच्या शर्टाला वास येतो म्हणून भांडणाऱ्या बायका ऐकल्या होत्या, येत नाही म्हणून भांडणारी तू पहिलीच.

आमचं काम थोडक्यात सांगते, म्हणजे नंतर माझ्यावर घसरू नकोस. आपण जो प्राणवायू घेतो, त्याच्याच काही ठिणग्या पेशीत उडतात आणि आतल्या डीएनएचं एखादं अक्षर करपतं. हे रोज होतं, तुझ्यात, माझ्यात, सगळ्यांत. करपलेली अक्षरं काढून टाकणारे दुरुस्तीवालेही आत असतात. काढलेली अक्षरं लघवीतून बाहेर पडतात आणि आम्ही ती मोजतो. करपणं वाढलं आणि दुरुस्ती मागे पडली, की चुका साठतात. कॅन्सर, हृदयाचे आजार, म्हातारपणी मेंदूचे आजार, सगळ्यांशी याचा संबंध जोडतात. काही ठिकाणी पुरावा भक्कम आहे, काही ठिकाणी अजून वादावादी चालू आहे.

आता पुढचं दोनदा वाच. आकडा धुराने वाढतो, पण फक्त धुराने वाढत नाही. मधुमेहाने वाढतो, जुनाट सुजेने वाढतो, एखाद्या दडून बसलेल्या आजाराने वाढतो. शिवाय आम्ही शेकडो लोकांचे आकडे एकत्र बघतो. एकट्या माणसाचा एकच आकडा म्हणजे कोर्टातला साक्षीदार नव्हे. त्याच्या भरवशावर यंत्र उचलून येऊ नकोस. माझ्याकडे जागाही नाही, खरं सांगते.

आणि चोरून काही घ्यायचं नाही. आम्हाला निरोगी माणसांचे नमुने लागतातच. तसं भाऊजींना सांग, त्यांनी हो म्हटलं तरच घे, आणि सोबतच्या कागदावर सही घे. दोन बाटल्या पाठवतेय. दुसरी तुझ्यासाठी. एका घरात राहणारी, एकच अन्न खाणारी, धूर न घेणारी बाई शेजारी असली की तुलना करायला बरं. सकाळची पहिली लघवी हवी. बाटल्यांवर कोणती कुणाची ते लिही. तुझं चिकटवणं मला माहीत आहे, तेव्हा निदान लेबल तळाला लावू नकोस.

भाऊजींना नमस्कार. संशय थोडा कमी आणि लोभ होता तेवढाच ठेवावा.

तुझी छोटी


ता. १७ फेब्रुवारी

चि. छोटीस,

अ. उ. आ. पार्सल आज टाकलं, बर्फाच्या पिशव्यांसकट. बाटल्यांवर एकीवर ‘हे’ आणि एकीवर ‘मी’ असं लिहिलंय. नाव घालायला हात धजेना. सत्तावीस वर्षांत घेतलं नाही ते काय आता बाटलीवर घेऊ?

ह्यांनी लगेच हो म्हटलं. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. दात काढायला जायचं तर आठवडाभर सबबी सांगणारा माणूस, आणि शास्त्राला मदत म्हणून एका पायावर तयार! सहीसुद्धा काय झोकात केली. नमुने घेतले त्या दिवशी पार्सलवाल्याची सुट्टी निघाली, म्हणून दोन दिवस बाटल्या फ्रिजमध्ये दुधामागे ठेवाव्या लागल्या. चालेल ना? पहिल्या दिवशी हे गप्प गप्प होते. जेवताना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं की यावरून काय काय कळतं म्हणे. मी ताकास तूर लागू दिली नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर दाढी करताना शीळ घालतायत. एका दिवसात माणूस एवढा मोकळा कसा होतो, मला सांग.

तुझं मागचं पत्र मी शिवणयंत्राच्या झाकणाखाली ठेवलं होतं. ते तिथेच आहे, पण घडी उलटी वाटली. की मीच तशी घातली होती? हल्ली काही लक्षात राहत नाही. दुपारी मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागतो. बोटात सुई गेली होती ती महिना झाला तरी भरत नाही, त्याचीही चिडचिड.

आकडा आला की लपवू नकोस. बहिणीवर जीव असेल तर खरं कळव.

तुझी ताई


ता. २ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. लपवत नाही, पण हे पत्र लिहायला मला दोन दिवस लागले.

‘मी’ बाटलीचा आकडा नेहमीच्या लोकांसारखा आहे, वरच्या अंगाला, पण काळजीचं काही नाही. ‘हे’ बाटलीचा मात्र त्याच्या दुपटीहून जास्त आला. मला आधी यंत्राचा संशय आला. मग माझ्या हाताखालच्या मुलीचा. मग माझा स्वतःचाच. म्हणून तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी मोजला. आकडा हटत नाही.

तरी सांगते, हा सिगारेटचा पुरावा नाही. मला एक गोष्ट खटकते. ‘हे’ बाटलीतली लघवी सकाळची पहिली असूनही पाण्यासारखी पातळ होती. पातळपणाचा हिशोब आम्ही वेगळा करतो, त्यामुळे आकडा बरोबरच आहे. पण भाऊजी इतकं पाणी कधीपासून प्यायला लागले? त्यांना तहान फार लागते का? वजन उतरलंय का? तसं असेल तर भांडण बाजूला ठेव आणि आधी त्यांना डॉक्टरकडे ने. मी साधी तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही, पण विचारायला काय जातं.

ताई, पत्र वाचून झालं की पाच मिनिटं थांब आणि मग बोल. तुला ते जमत नाही हे माहीत असून लिहितेय.

तुझी छोटी, लोभातली


ता. ६ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ. पाच मिनिटं थांबले नाही. पत्र परवा हाती पडलं आणि हे दारातून आत येताच वाचून दाखवलं, आकड्यासकट.

मला वाटलं होतं आकांडतांडव करतील, शपथा घेतील. छे! तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला. तीन वेळा विचारलं, ‘हे’ लिहिलेल्या बाटलीचाच का? नक्की का? छोटी चुकली नसेल ना? मी म्हटलं, ती चुकत नाही, तुम्ही चुकलात. त्यावर खुर्चीत बसले ते बसलेच. नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. दोन दिवस असंच चाललंय. जेवताना माझ्याकडे टक लावून बघतात, मी बघितलं की ताटात बघतात. खोटेपणा पकडला गेल्यावर माणूस असाच बघतो.

तुझ्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर, हे पाणी पितच नाहीत. दिवसाला दोन पेले, तेही ओरडले तर. तांब्या माझ्या मशीनशेजारी असतो आणि मीच तो चार वेळा रिकामा करते, घशाला कोरड पडते या सगळ्या मनस्तापाने. वजनही ह्यांचं नाही, माझं उतरलंय. माणसाने संसाराची काळजी करावी तर ती अशी अंगावर निघते. तेव्हा डॉक्टरबिक्टर काही नको. ह्यांना आजार एकच आहे आणि तो पाकिटात मिळतो.

मी बॅग भरली. चार कपडे, चष्मा, कात्री, तुझी पत्रं. रविवारी निघते. जागा नाही म्हणालीस, तर मी स्वयंपाकघरात झोपेन. ह्यांच्यासमोरच बॅग दाराशी ठेवली, तर नुसते बघत राहिले. अडवलंसुद्धा नाही गं. त्याचंच सगळ्यांत जास्त लागलं.

जीव थाऱ्यावर नाही, चुकीचं काही लिहिलं असेल तर पदरात घे.

तुझी ताई


ता. १० मार्च

ती. भाऊजींस,

सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर, तातडीच्या टपालाने पाठवतेय, कारण दुकानातला फोन तुम्ही उचलत नाही आणि घरचा ताई उचलते.

ताईचं पत्र काल मिळालं आणि मी शीतपेटीतून दोन्ही बाटल्या परत बाहेर काढल्या. आजवर आतल्या लघवीकडेच बघत होते, काल बाहेरून बघितल्या. भाऊजी, दोन्ही लेबलं काठाला समांतर आहेत. कोपरे दाबलेले, खाली हवेचा एक बुडबुडा नाही. अक्षर ताईचं, पण चिकटवणं ताईचं नाही. माझ्या शाळेच्या वह्यांवर ती लेबलं लावायची, आणि वर्गातल्या मुली मान वाकडी करून माझं नाव वाचायच्या. माझ्या ओळखीत कागद इतका सरळ चिकटवणारा माणूस एकच आहे. आणि ‘मी’च्या लेबलाखाली वाळलेल्या खळीचा एक पांढरा कण आहे. लेबलांना गोंद होता, खळ नव्हती.

दुसरं जास्त महत्त्वाचं. ‘हे’ बाटलीत थोडी लघवी उरली होती, तिच्यात शेजारच्या दवाखान्यातून आणलेली साखर तपासायची पट्टी बुडवली. शेवटच्या रंगापर्यंत गेली. ही ज्या माणसाची आहे, त्याला मधुमेह असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो बराच वाढलेला दिसतो. ती बाटली तुमची असेल तर तुम्ही आज डॉक्टरकडे जा. ताईची असेल, तर तिचं वाळणं, तहान, डोळे, न भरणारं बोट, सगळ्याचा अर्थ लागतो, आणि मग एक दिवससुद्धा घालवायचा नाही.

मी काल तिला फोन केला. डॉक्टरकडे जा म्हटलं, तर मला काय धाड भरलीये म्हणाली. लेबलांचं बोलले, तर तू त्यांची बाजू घेतेस म्हणून फोन ठेवला. रविवारी इकडे यायचं होतं, ते दमल्यामुळे पुढे ढकललंय म्हणे. माझं ती ऐकणार नाही. तुमची सिगारेट तुमच्याच तोंडून ऐकली तरच तिला लेबलांची अदलाबदल खरी वाटेल.

मी रागावलेली नाही. खरं तर आहे, पण ते नंतर. नातं आहे तसं ठेवायचं असेल तर हे वाचून दुकान बंद करा.

छोटी


ता. १४ मार्च

चि. छोटीस,

आशीर्वाद द्यायची आज लायकी नाही, म्हणून नुसता नमस्कार. हे हॉस्पिटलच्या बाकड्यावर बसून लिहितोय. या खेपेला बाकडं माझ्या वाट्याला आलंय.

तू लिहिलंस ते सगळं बरोबर. मी रोज एक ओढत होतो, दुपारी, दुकानाच्या मागच्या दाराशी. नमुने दिले त्या दिवशी मशीनचं झाकण काढताना तुझं पत्र सापडलं आणि तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचलं. ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई आहे. ती गेली तर मी त्या तीन खोल्यांत काय करणार? ती संध्याकाळी कापड आणायला गेली तेव्हा बाटल्या काढल्या, वाफेवर लेबलं सोडवली आणि अदलाबदल करून लावली. वाकडी लावायला हवी होती, एवढी अक्कल सुचली नाही. हाताला सवयच नाही.

मग तुझा आकडा आला. मी जी बाटली स्वच्छ म्हणून माझ्या नावावर केली, ती खराब निघाली. त्याच क्षणी मला कळलं की खराबी हिच्यात आहे. तुझ्या पत्रातली यादी मला पाठ होती. पण सांगायचं तर अदलाबदल सांगायला हवी, आणि ती सांगायची तर सिगारेट. आज सांगतो, उद्या सांगतो म्हणत राहिलो. तिचा चेहरा बघायचो आणि आज जरा बरी दिसते अशी समजूत घालायचो. तू चुकली असशील अशी आशा करत होतो. बॅग दाराशी आली तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाही.

तुझं पत्र टपालात अडकून आज सकाळी आलं. दुकान बंद करून घरी गेलो आणि सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं छोटीने पढवलंय, ही घरात थांबवून घ्यायची नवी युक्ती आहे. शेवटी दुकानात परत जाऊन एक जाड शब्दकोश आणला. त्याची पानं मधोमध चौकोनी कापून मी आत पाकीट ठेवायचो. वरून कुणाला कळणार नाही असं बांधलेलं आहे. तो तिच्यापुढे उघडला. खळग्यातलं पाकीट उचलून एकच बोलली, “म्हणजे दहा दिवस तुम्हाला माहीत होतं?”

मी हो म्हटलं. उठायला गेली तर पाय लटपटले. तशीच रिक्षाने आणली. रक्तातली साखर पाचशे बारा होती. डॉक्टर म्हणाले अजून काही दिवस गेले असते तर बेशुद्धच आणली असतीत. आता सलाईन आणि इन्सुलिन चालू आहे. धोका टळला म्हणतात, पण मी ते ऐकूनही बाकड्यावरून हललेलो नाही.

तू ये. तुझ्याशी ती बोलेल. मेहुणा म्हणून लोभ ठेवावास असं काही माझ्याकडे उरलेलं नाही, पण मागतो.

तुझा भाऊजी


ता. २९ मार्च

चि. छोटीस,

अ. उ. आ. तू परत गेलीस तशी मी घरी आले. रोज दोन वेळा पोटात सुई टोचून घेते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांत सुया टोचल्या, आता आपली पाळी. साखर उतरतेय. बोटाची जखम भरू लागली आणि काल पहिल्या झटक्यात दोरा ओवला. इतका आनंद झाला की काही शिवायचं नसताना चार सुया ओवून ठेवल्या.

तुझ्या आकड्याचे उपकार आहेत. मी नवऱ्याला पकडायला जाळं टाकलं आणि सापडले मीच. लोकांना सांगायची सोय नाही. तू दोनदा वाच म्हणून लिहिलं होतंस, आणि मी त्यात एकच शब्द वाचला, धूर. ह्यांनी मात्र सगळी यादी वाचली होती. चोरून वाचणारा माणूस नीट वाचतो.

जी बॅग मी ह्यांना सोडून जायला भरली होती, तीच हॉस्पिटलात उपयोगी पडली. कपडे, चष्मा, सगळं जागच्या जागी. खांद्याला लावून ह्यांनीच आणली. कात्री तेवढी नर्सने काढून घेतली.

तू जाताना विचारलंस की भाऊजींना माफ केलंस का. तेव्हा उत्तर दिलं नाही, आज देते. सिगारेट माफ केली. लेबलंही माफ केली, मी जाईन या भीतीने केलं म्हणतात आणि ते मला पटतं. ते दहा दिवस मात्र अजून सोडवत नाहीत. समोर बसून बघत होते गं. मी पाणी पीत होते आणि हे मोजत होते. कधी हे पाणी आणून देतात तर पेला हातात घेते आणि तेच आठवतं. ह्यांना तसं सांगितलंय. तेव्हापासून पेला मशीनवर ठेवून बाजूला होतात. छातीच्या डॉक्टरांकडेही जाऊन बोलणी खाऊन आले. मी बरोबर गेले होते, दाराबाहेरून सगळं ऐकलं.

तो शब्दकोश ह्यांनी रद्दीत घातला आणि मला साखर लिहायला एक वही बांधून दिली. जाड पुठ्ठा, निळं कापड, मजबूत शिवण. वर माझ्याकडूनच लिहून घेतलेलं ‘मी’ असं लेबल आहे, आणि ते वाकडं लावलंय. चांगलं बोटभर वाकडं. ह्या माणसाला ते लावताना काय यातना झाल्या असतील! पण हे आंघोळीला गेले तसं नखाने एक कोपरा उचलून बघितला, खाली दुसरं लेबल नाही ना.

नव्हतं. खळ लावून परत चिकटवलं, तर आणखी वाकडं झालं. मग आजची साखर लिहिली, एकशे बेचाळीस.

लोभ आहेच, तो माझ्यावर ठेव आणि लक्ष ह्यांच्यावर.

तुझी ताई